हिरवळ कुणाच्या पाण्यावर?

(जालना इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



मागच्या खेपेला आम्ही इथं बोललो ते सुख आणि समाधान यांतल्या फरकावर. आज संयोजकांनी विषय दिलाय घरासमोरच्या हिरवळीचा. रासायनिक खतं-औषधं न वापरता लॉन कसं राखावं, आणि पाणी कमी असेल तर त्याऐवजी काय लावावं. पत्रिका वाचून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, तत्त्वज्ञान सोडून बागकाम कधीपासून?" आम्ही म्हटलं, बाबा रे, जन्मभर जे शिकवलं त्याची परीक्षा आमच्याच अंगणात झाली आणि तीत आम्ही नापास झालो. तर त्या नापास होण्यापासूनच सुरुवात करू.

आमचं लॉन

निवृत्तीनंतर आम्ही अंबड रस्त्याकडे घर बांधलं. समोर साधारण १००० चौरस फुटांची जागा मोकळी राहिली. नर्सरीवाल्यानं कोरियन ग्रास सुचवलं. दाट, मऊ, बारीक पात्याचं. चटया आणून अंथराव्यात तसं त्याचे तुकडे आणून अंथरले आणि महिनाभरात जागा हिरवीगार झाली. संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचं, पुस्तक उघडायचं. अंगणात बोअर होतीच. मोटर सुरू केली की काम झालं. त्या लॉनमध्ये कडेनं हरळी शिरायची. मग दर पंधरा दिवसांनी माळीबुवांना बसवून आम्ही ती मुळासकट काढून घ्यायचो. ही हरळी लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

२०१२ साली पावसानं दगा दिला. १९७२ चा दुष्काळ आम्ही तरुणपणी पाहिलेला. तेव्हा धान्याची टंचाई जास्त होती. २०१२-१३ मध्ये दुकानात धान्य होतं, पाणी नव्हतं. अंबड, बदनापूर, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांच्या वडिलांनी मोसंबीवर फी भरली असे आमचे कितीतरी विद्यार्थी. त्यांच्याच घरी ती झाडं करवतीनं कापून सरपणाला गेली. गावाला पाणी पाजणारा घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळातला, त्याच्या तळाला भेगा पडल्या. नळाला पाणी कधी येणार हे आम्ही कॅलेंडरवर खुणा करून मोजत होतो.

आमच्या बोअरला मात्र पाणी होतं. थोडं, पण होतं. घरी कामाला येणाऱ्या मावशी रोज जाताना दोन हंडे भरून न्यायच्या. एप्रिलच्या एका संध्याकाळी त्यांनी हंडा नळाखाली लावला आणि आम्ही खुर्चीतूनच म्हणालो, "मावशी, आज राहू द्या. मोटर लॉनला लावलीय, पाणी कमी येतंय." त्या काही बोलल्या नाहीत. "बरं सर" म्हणाल्या, रिकामे हंडे उचलले आणि टँकरच्या रांगेकडे गेल्या.

आमच्या हातात त्या वेळी न्याय या विषयावरचंच पुस्तक होतं. आम्हाला काही कळलं नाही. सौ. बाहेर आल्या, त्यांनी मोटर बंद केली आणि एवढंच म्हणाल्या, "गवताला पाजलंत, माणसाला नाही म्हणालात." त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सौ. स्वतः हंडे घेऊन मावशींच्या घरी गेल्या. आमचं जायचं धाडस व्हायला आणखी चार दिवस लागले.

लॉनचं पाणी तेव्हा तोडलं ते तोडलंच. आता आपण हा प्रश्न नीट मांडून बघू.

हिशेब

आधी साधं गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमचं १००० चौरस फुटांचं लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर दिवसाला ५ मिलिमीटर पाणी तरी हवं, आणि मे महिन्यात तेही पुरत नाही. म्हणजे रोजचे ४६५ लिटर झाले. महिन्याचे जवळजवळ १४ हजार लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे तीन टँकर.

आता दुसरा आकडा. ग्रामीण नळयोजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. ४६५ ला ५५ नं भागा. आठ माणसं. आमच्या लॉनवर रोज आठ माणसांचं पाणी जात होतं, आणि मावशींच्या घरी माणसं होती पाच.

आणखी एक हिशेब, कारण लोक म्हणतात, "आम्ही छताचं पाणी साठवतो, मग काय हरकत?" जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. साडेसहाशे धरा. १००० चौरस फुटांच्या छतावर पडणारं पाणी झालं ६० हजार लिटर. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं पाणी वजा जाता ४८ हजार हाती लागले तर नशीब. आणि तेवढ्याच आकाराचं लॉन फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पिणार ५५ हजारांच्या वर. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा संपूर्ण छताचं पाणी एका लॉनच्या उन्हाळ्याला पुरत नाही.

हे खूळ आलं कुठून?

लॉन ही इंग्लंड-फ्रान्सकडच्या जमीनदारांची आवड. तिकडे हवा थंड, पाऊस बारीक पण बाराही महिने. गवत आपोआप हिरवं राहतं. प्रश्न फक्त ते कापण्याचा. ते काम मेंढ्या करत, नाहीतर मजूर कोयत्यानं करत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत कापडावरचे तंतू छाटण्याचं यंत्र असतं, त्यावरून त्याला कल्पना सुचली. मग मध्यमवर्गालाही लॉन परवडू लागलं.

१८९९ मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात लॉनचा विचार आहे. लॉन म्हणजे मुळात गुरांचं कुरण. मग तिथं गाय चरायला सोडली तर गवतही नेमकं राहील आणि दूधही मिळेल. पण श्रीमंत माणूस तसं करत नाही, कारण गाय दिसली की काटकसर दिसते, उपयोग दिसतो. तिथं हरीण चालतं. थोडक्यात, ज्याचा काही उपयोग नाही अशी जमीन आपण पोसू शकतो, हे दाखवणं हाच तिचा उपयोग.

आम्ही हे वर्गात शिकवलेलं होतं बरं का. मुलं हसायची, आम्हीही हसायचो. पण घरी येऊन आम्ही काय केलं? गाय नसलेलं कुरण लावलं, तेही अशा गावात जिथं आठ महिने पाऊस नाही. इंग्लंडात लॉनला पाणी आकाश देतं. इथं ते जमिनीच्या पोटातून ओढावं लागतं. रूप तेच, पण गोष्ट पार वेगळी.

आमचं पाणी की आपलं पाणी

"आमच्या जागेत बोअर, आमच्या पैशानं खोदलेली, विजेचं बिल आमचं. मग पाणी आमचंच की." हा युक्तिवाद आपण सगळे करतो. १८८२ चा इझमेंटचा कायदाही पुष्कळसा असाच विचार करतो. ज्याची जमीन, त्याचं खालचं पाणी.

पण इथल्या जमिनीखाली बघा काय आहे. दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. हा काही स्पंज नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, मांजऱ्या खडकात आणि खालच्या भेगांत. साठा लहान, आणि भेग काही कंपाउंडची भिंत पाहून थांबत नाही. आमच्या बोअरची भेग शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते. आम्ही जास्त ओढलं की त्यांची मोटर हवा ओढते. २०१३ मध्ये आमच्या शेजारची बोअर आमच्याआधी महिनाभर कोरडी पडली. तेव्हा आम्ही म्हणालो, "त्यांचं नशीब." नशीब कसलं, आमची बोअर १०० फूट जास्त खोल होती!

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं १६८९ च्या ग्रंथात मालकीहक्काचा सिद्धान्त मांडला. निसर्गातलं काही आपण कष्टानं घेतलं तर ते आपलं होतं, मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागं उरलं पाहिजे. त्यासाठी त्यानं उदाहरण दिलं पाण्याचंच. एकानं नदीवर पोटभर पाणी प्यायलं तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही, कारण अख्खी नदी त्याच्यासाठी शिल्लक आहे. लॉकच्या इंग्लंडात हे ठीक. आता लॉकसाहेबांना मे महिन्यात कुंडलिकेच्या पात्रात उभं करा. त्यांची अट इथं पुरी होत नाही. मग त्यांच्याच न्यायानं मालकीही अपुरी ठरते.

मराठीत एक मोठी सोय आहे, जी इंग्रजीत नाही. तिकडं एकच 'वुई'. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. आम्हा प्राध्यापकांना स्वतःला 'आम्ही' म्हणायची खोड असते, ती या वयात सुटायची नाही. पण पाण्यापुरतं तरी 'आमचं' हे रूप जालन्यात चुकीचं आहे, असं आमचं मत झालंय. तिथं 'आपलं' हेच रूप बरोबर.

एक क्रिकेटचा खटला

हा प्रश्न एकदा मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. एप्रिल २०१६. मराठवाड्यात लागोपाठच्या वर्षांचा दुष्काळ. मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्याच आठवड्यात आयपीएलच्या सामन्यांविरुद्धच्या जनहित याचिकेवर सुनावणी होती. मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा सगळीकडे चर्चेत होता. आयोजकांच्या बाजूनं सांगण्यात आलं की आम्ही पिण्याचं नव्हे, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. तरी १३ एप्रिलला न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, "वानखेडेवरचं पाणी वाचवून लातूरला एक थेंब तरी गेला का?" आक्षेप बरोबर आहे. मुंबईचं मैदान आणि लातूरचा हंडा यांना जोडणारी नळी नाही. तो निर्णय होता प्रतीकाचा. प्रतीकालाही अर्थ असतो, पण तो वादाचा विषय राहतो. आमच्या अंगणाची गोष्ट तशी नव्हती. आमचं लॉन आणि मावशींचा हंडा, दोन्ही एकाच नळाखाली होते. गावातल्या लॉनची गोष्ट मैदानापेक्षा छोटी, पण दोष जास्त थेट.

गवत ठेवायचं असेल तर

आता कामाचं बोलू. गवत मुळीच नको, असं आमचं म्हणणं नाही. रांगणारं मूल, खेळणारी पोरं, गुडघे दुखणारे आमच्यासारखे म्हातारे, यांना मऊ जमीन लागते. तर जागा लहान ठेवा, दोनशे-तीनशे चौरस फूट, आणि गवत आपलं लावा.

आपलं गवत म्हणजे हरळी. आम्ही उन्हाळ्यात पाणी तोडलं, तीन आठवड्यांत कोरियन ग्रास मेलं. २०१३ चा पाऊस पडला आणि आठवडाभरात कुंपणाच्या कडेनं हरळी आली. जिला आम्ही पैसे देऊन उपटवत होतो ती! तिची मुळं मीटरभर आणि त्याहूनही खोल जातात, आणि जमिनीखाली तिच्या गाठाळ दांड्या असतात. पाणी संपलं की ती वरचं पान सोडून देते, पिवळी पडते, आणि खाली जिवंत राहते. शेतकरी तिला शिव्या देतो, कारण पिकात शिरली की निघत नाही. आणि हीच हरळी कोवळी खुडली की दूर्वा होते. राजूरच्या गणपतीला २१ दूर्वांची जुडी वाहताना हे तण आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. वनस्पती एकच. तण, पूजाद्रव्य की हिरवळ, हे आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं.

तिची निगा अशी. मे महिन्याच्या शेवटी लोखंडी पंजानं किंवा जाड सळईनं जमिनीला वीत-वीत अंतरावर भोकं पाडा. आपली काळी माती सुकली की तडकते आणि भिजली की घट्ट मिटते, हवा आत जात नाही. वर अर्धा इंच चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पसरा. पूर्ण कुजलेलं म्हणतोय. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या गवताची मुळं खातात. काही जण काळ्या मातीत वाळूची एक पाटी मिसळतात. तेवढ्यानं काही होत नाही, उलट ती विटेसारखी कडक होते. काळ्या मातीवर उपाय एकच, सेंद्रिय पदार्थ, दर वर्षी, थोडाथोडा. पहिला चांगला पाऊस झाला की हरळीचं बेणं, म्हणजे गाठी असलेले वीतभर तुकडे, चार-चार इंचांवर लावा. बाकी ती बघते.

कापताना दोन इंचांच्या खाली जाऊ नका. पातं उंच तर सावली मातीवर, सावली तर ओल टिकते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. कापलेलं बारीक गवत झाडून नेऊ नका, तिथंच राहू द्या. त्यातला नत्र मातीला परत मिळतो आणि युरियाची गरज कमी होते. युरियानं गवत भराभर वाढतं, म्हणून जास्त पाणी मागतं, म्हणून जास्त कापावं लागतं. हा सगळा खर्च आपणच विकत घेतलेला असतो.

कुणी विचारतं जीवामृत घालावं का. घाला. २० लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, शे-दीडशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत, रोज ढवळून. पण त्याला चमत्कार समजू नका. खरा आधार कंपोस्टचाच. हुमणी दिसली तर निंबोळी पेंड मातीत मिसळा, किंवा मेटारायझियम ही मित्रबुरशी कृषी केंद्रात मिळते. गाजरगवत फुलोऱ्याआधी उपटा, हातात काहीतरी घालून, त्याची ॲलर्जी होते. लव्हाळा वाढला तर समजा की पाणी जास्त होतंय.

आणि पाणी? रोज शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. मुळं वरच राहतात आणि लाडावतात. ऑक्टोबर ते जानेवारी दहा-बारा दिवसांतून एकदा, पहाटे, पाणी वीतभर खोल जाईल असं द्या. गवतावरून चालून बघा. पावलाचा ठसा लगेच उठून आला तर पाणी नको, ठसा तसाच राहिला तर तहान लागलीय. फेब्रुवारीपासून पाणी बंद. हरळी पिवळी पडेल. पडू द्या. ती मेलेली नाही, झोपलेली आहे. सगळी निगा एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. पिवळं अंगण सहन करायला शिकणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. पाहुणे म्हणतात, "सर, लॉन वाळलं की हो." आम्ही म्हणतो, "हो, उन्हाळा आहे."

गवताऐवजी काय

उरलेल्या जागेचं काय करायचं? १९८१ साली, म्हणजे आपला जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत डेन्व्हरच्या पाणीपुरवठा विभागानं एक शब्द काढला, 'झेरिस्केप'. म्हणजे कोरड्या प्रदेशाला साजेशी बाग. तिकडंच नेवाडा राज्यात, लास व्हेगास ज्यात आहे, तिथं २०२१ साली कायदा झाला की २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी केवळ शोभेच्या गवताला द्यायचं नाही. रस्त्याच्या दुभाजकावरचं, कार्यालयांसमोरचं गवत. घरांची लॉन त्यातून वगळली. तिथं पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा सहापट श्रीमंत आहोत, पण आपली श्रीमंती चार महिन्यांत येते आणि वाहून जाते.

शब्द नवा, पण आपल्या आजीला हे माहीत होतं. तिचं अंगण आठवा. दारापुढे चोपून घट्ट केलेली, शेणानं सारवलेली जमीन. सकाळी एक तांब्या सडा आणि रांगोळी. कडेला तुळस, मोरीचं पाणी जातं तिथं केळ आणि अळू, मागं कडुनिंब. प्रत्येक झाडाला त्याच्या तहानेप्रमाणं जागा. झेरिस्केपवाले हेच सांगतात, ज्यांना सारखं पाणी लागतं ती झाडं एकत्र लावा.

आमच्या अंगणाचे आम्ही आता चार भाग केलेत. पहिला, दारापुढचा, मुरुमाचा, जिथं माणसं बसतात. दुसरा, हरळीचा तुकडा, अडीचशे चौरस फुटांचा. तिसरा, जमिनीवर पसरणाऱ्या वेलींचा. त्यात जलपिंपळी लावलीय, नर्सरीत लिपिया म्हणतात. ती जमिनीलगत राहते, तुडवलेलं सोसते, बारीक पांढरी-गुलाबी फुलं येतात. फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून लहान मुलांना तिथं अनवाणी सोडू नका. ऊन जास्त तिथं पोर्चुलाका, म्हणजे ऑफिस टाइमची फुलं. वेडेलिया मात्र नको. पिवळ्या फुलांची ती वेल नर्सरीत सहज मिळते, पण जगभर ती उपद्रवी म्हणून नोंदली गेलीय.

चौथा भाग झुडपांचा आणि उंच गवताचा. सदाफुली, कोरफड, अडुळसा, निर्गुडी आणि आपल्या माळावरचा तरवड. तरवडाला पहिलं वर्ष सांभाळलं की पुढं पाणी विचारावं लागत नाही, पिवळ्या फुलांनी भरून जातो. झाडांच्या बुडाशी तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, वाळवीचा त्रास असेल तर खोडापासून वीतभर दूर. गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामातून पानापाचोळ्याची माती कशी होते हे महाराष्ट्राला शिकवलं. पाला जाळणारा माणूस खत जाळत असतो. कुंपणालगत पवन्या आणि मारवेल, ही आपली माळरानाची गवतं. पावसावर वाढतात, दिवाळीपर्यंत कमरेला लागतात, मग सोनेरी होतात.

दोन गोष्टी टाळा. सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घालू नका. पाणी वाचवायच्या नावाखाली पाऊस मुरण्याची जागाच बंद होते, आणि रात्रभर गरम झळा येत राहतात. आणि प्लास्टिकचं गवत नको. त्याला पाणी लागत नाही हे खरं, पण आपल्या मे महिन्याच्या दुपारी त्यावर पाय ठेवून दाखवा.

पाणी जिथं पडतं तिथंच मुरवायचं, हे आपल्याच तालुक्यातल्या कडवंचीनं शेतात करून दाखवलं. पाणलोटाचं काम केलं, शेततळी केली, आणि कोरडवाहू गावात द्राक्षं आली. अंगण हा आपला चिमूटभर पाणलोट आहे. आमच्या चौथ्या भागात थोडा खोलगट चर आहे, छताचं पाणी त्यात सोडलंय. ते मुरतं, भेगांत जातं, आणि कुणाच्या बोअरला लागतं ते आम्हाला माहीत नाही. माहीत नसलेलंच बरं.

शेवटी एक सांगतो. आमच्या कुंपणालगतचं पवन्या गवत दिवाळीनंतर मावशींचा मुलगा कापून नेतो. त्यांनी दोन शेळ्या पाळल्यात. गाय नसलेलं कुरण म्हणून जे सुरू झालं, तिथलं गवत आता शेळ्यांच्या पोटात जातं. मावशींना आम्ही त्या संध्याकाळबद्दल एकदा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, तेव्हा सगळ्यांचीच डोकी तापली होती." आमचं डोकं तापलेलं नव्हतं, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही आरामात बसलो होतो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : लॉनमुळे घर थंड राहतं, त्याचं काय?

राहतं, हे मान्य. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते. पण हिरव्या गवताला ते पाणी रोज द्यावं लागतं. पश्चिमेच्या बाजूला एक कडुनिंब लावा. दोन-तीन वर्षं सांभाळा. पुढं तो स्वतः पाणी शोधतो आणि भिंतीवर सावलीही धरतो. गवत भिंतीवर सावली धरत नाही.

प्रश्न : न्हाणीघराचं सांडपाणी बागेला चालेल का?

चालेल, पण सपाट पसरून नाही. साबणातला सोडा काळ्या मातीत साठला की माती चिकट होते, पाणी मुरत नाही. साबण बेताचा वापरा, पाणी आधी कर्दळीच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा, आणि पावसाळ्यात ती जमीन स्वच्छ पाण्यानं धुऊन निघू द्या. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ते पाणी देऊ नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सगळ्यांना लॉनच हवंय. एकट्यानं सांगून कोण ऐकणार?

सांगू नका, मोजा. पाण्याच्या मोटरला मीटर बसवा आणि लॉनला महिन्याला किती लिटर लागतं तो आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर लिहा. शेजारी टँकरचं बिल लिहा. वाद घालण्यात आमचं आयुष्य गेलं, म्हणून सांगतो, माणसं युक्तिवादानं फार बदलत नाहीत. आम्हीही पुस्तकानं बदललो नाही. रिकामा हंडा परत जाताना दिसला, तेव्हा बदललो.